जमैकाची चिल्लर: एक ते पंचवीस सेंटचा संच लावताना काय आधी, काय नंतर

जमैकाच्या नाण्यांचे फोटो मला दर महिना-दोन महिन्यांनी कुणीतरी पाठवतंच. फोटोही ठरलेले. चिंच लावून लखलखीत घासलेली दहा-बारा नाणी, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि खाली एकच प्रश्न: याचे किती येतील? उत्तरही ठरलेलं आहे. फार काही येणार नाहीत, आणि जे आले असते तेही घासण्यात गेले.

पण ही चिल्लर जमवायला मजेची आहे. दोनशे-पाचशे नाण्यांचा डोंगर लागत नाही, खिशाला झेपते, आणि एकाच मूल्याचं नाणं धातू आणि आकार बदलत कसं लहान लहान होत गेलं ते हातात घेऊन पाहता येतं. बिघडतं ते क्रमामुळे. लोक आधी विकत घेतात, मग धुतात, मग ओळखायला बसतात आणि नोंद कधीच करत नाहीत. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा.

## टप्पा १. पैसे काढण्याआधी संच ठरवा

जमैकाने ८ सप्टेंबर १९६९ रोजी पौंड-शिलिंग सोडून डॉलर आणि सेंट घेतले. जुने दहा शिलिंग म्हणजे एक डॉलर. तेव्हापासूनची एक, पाच, दहा, वीस आणि पंचवीस सेंटची रोजच्या चलनातली नाणी, एवढाच आपला विषय. त्याआधीचे पेनी, अर्धा पेनी, फार्दिंग हा वेगळा उद्योग आहे, तो टप्पा ४ मध्ये बाजूला काढू.

पहिला निर्णय: टाइप जमवणार की वर्षं? टाइप म्हणजे प्रत्येक नमुन्याचं एकेक नाणं. वर्षं म्हणजे एकाच नमुन्याचं दर वर्षाचं नाणं. नवख्याने टाइपनेच सुरुवात करावी. वर्षांच्या मागे लागलेले बहुतेक लोक सहा महिन्यांत कंटाळतात, कारण शेवटची चार-पाच वर्षं काही केल्या मिळत नाहीत आणि बाकीची दिसायला सगळी सारखीच.

माझ्या हिशेबाने मूळ संच बारा नाण्यांचा होतो.

एक सेंटची तीन नाणी: कांस्याचं साधं, कांस्याचंच पण अन्न पिकवण्याचा संदेश असलेलं, आणि १९७५ पासूनचं ॲल्युमिनियमचं बाराकोनी. तिन्हींवर अॅकी हे फळ.

पाच सेंटची दोन: दोन्हींवर मगर, एक तांबे-निकेलचं आणि एक निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचं.

दहा सेंटची तीन: लिग्नम व्हिटे या झाडाच्या फुलापानांचं, जमैकाचे राष्ट्रीय वीर पॉल बोगल यांच्या चेहऱ्याचं पांढरं, आणि त्याच चेहऱ्याचं लहानसं तांबूस.

वीस सेंटचं एक: ब्लू महो या झाडाचं.

पंचवीस सेंटची तीन: लांब शेपटीच्या हमिंगबर्डचं मोठं नाणं, दुसरे राष्ट्रीय वीर मार्कस गार्व्ही यांचं पांढरं सातकोनी, आणि गार्व्ही यांचंच गोल तांबूस.

स्मारक नाणी आणि विशेष संदेशाची वीस सेंटची नाणी यात धरलेली नाहीत. ती दुसऱ्या पानावर, मूळ बारा पुरी झाल्यावर. पन्नास सेंटचं दहाकोनी नाणं मोह पाडतं, पण सध्या त्यालाही थांबवा.

तपासा: ही यादी वहीत हाताने लिहिली का? प्रत्येक ओळीपुढे रिकामा चौकोन काढला का? नसेल तर पुढे जाऊ नका. दुकानात उभं असताना "हे आपल्याकडे आहे का?" हे आठवत नाही, आणि तिसरा मगरवाला घरी येतो.

## टप्पा २. टेबल मांडा

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: दहापट दाखवणारं भिंग, शंभरांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा, व्यास मोजायला प्लॅस्टिकचा व्हर्नियर (धातूचा नको, त्याने कड खरचटते), दोऱ्याला बांधलेला छोटा चुंबक, आणि टेबलावर अंथरायला जाड मऊ कापड. कापड हवंच. आमच्याकडच्या फरशीवर पडलेल्या एका ॲल्युमिनियमच्या सेंटला असा पोचा आला की बारा कोनांचे साडेबारा झाले.

नाणं कायम कडेला धरायचं, अंगठा आणि तर्जनीत. बोटांचा घाम तांब्याच्या मुलाम्यावर ठसा सोडतो, तो आज दिसत नाही, पावसाळ्यात दिसतो. जेवण करून, हात पुसून लगेच बसलात तर तेलकट बोटांचे ठसे आयुष्यभर पाहाल.

## टप्पा ३. नाणी मिळवणं

भारतात ही नाणी मुख्यतः जहाजावरच्या लोकांकडून येतात. रत्नागिरी, रायगड आणि गोव्याकडची कितीतरी माणसं मर्चंट नेव्हीत आणि क्रूझवर आहेत. कॅरिबियनमध्ये फिरणाऱ्या क्रूझ फाल्मथ, ओचो रिओस, माँटेगो बे या जमैकाच्या बंदरांना लागतात. पण इथेच पहिली अडचण येते. बंदराजवळच्या दुकानांत अमेरिकन डॉलर चालतो, त्यामुळे उतरलेल्या माणसाच्या हातात स्थानिक मोड येतेच असं नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. १५ फेब्रुवारी २०१८ पासून एक, दहा आणि पंचवीस सेंट जमैकात चलनातून बाद झाले. रोखीचा हिशेब आता जवळच्या डॉलरला पुरा करतात. म्हणून भावाला किंवा मेव्हण्याला "येताना सुटे घेऊन ये" एवढंच सांगितलंत तर तो पाच, दहा, वीस डॉलरची नाणी आणेल. माझ्या मावसभावाने दोन वेळा तेच केलं. तिसऱ्या वेळी मी त्याला यादीचा फोटो पाठवला आणि "दुकानात मागू नकोस, तिथे राहणाऱ्या कुणाला घरात जुने सेंट पडलेत का विचार" असं लिहिलं. त्याने बोटीवरच्या जमैकन सहकाऱ्याला विचारलं. त्या माणसाच्या आईने कॉफीच्या डब्यातून मूठभर काढून दिले.

आपल्याकडेही तसंच आहे ना. चार आणे ३० जून २०११ ला बंद झाले, पण कुठल्याही घरातला शिवणाचा डबा उलटा करा, दोन-तीन पावल्या निघतातच.

इथे विकत घेणार असाल तर पुण्याचा जुना बाजार, मुंबईत फोर्टातले नाण्यांचे व्यापारी, आणि ठिकठिकाणी भरणारी नाण्यांची प्रदर्शनं. परदेशी चिल्लर तिथे ट्रेमध्ये मिसळून पडलेली असते. ट्रेमधून एकेक निवडून घ्या. "जमैका" असं लिहिलेली बंद पुडी घेऊ नका, आत दहा वेळा तेच तांबूस दहा सेंट निघतात.

सावध: "बंद झालेलं नाणं, आता दुर्मीळ" हे वाक्य ऐकलं की हात मागे घ्या. बंद होणं वेगळं, दुर्मीळ होणं वेगळं. बाद झालेली नाणी लाखोंनी घराघरांत पडून असतात. तसंच १९६९ हे पहिलं वर्ष म्हणून कुणी जास्त सांगितलं तर हसून पुढे जा. नवं चलन आलं की पहिल्या वर्षी साऱ्या देशाला पुरतील एवढी नाणी पाडावी लागतात, म्हणून पहिलं वर्षच सहसा सगळ्यात सहज मिळतं.

दर्शनी किंमतही लक्षात असू द्या. एक जमैकन डॉलर म्हणजे आपला साधारण अर्धा रुपया. दहा सेंट म्हणजे पाच पैसे. तुम्ही देता ते पैसे नाण्याच्या स्थितीचे आणि व्यापाऱ्याच्या कष्टाचे, चलनाचे नव्हेत.

परदेशातून टपालाने मागवणार असाल तर विमा नसलेल्या साध्या पाकिटात नाणी घालायला आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमांत मनाई आहे, हे पाठवणाऱ्याला आधी सांगा. नोंदणी, विमा आणि आत काय आहे याचा खरा तपशील, तिन्ही हवं. कस्टमचं शुल्क लागू शकतं, तेही हिशेबात धरा. परदेशी नाणी घरात बाळगायला मात्र भारतात संख्येची मर्यादा नाही. नोटांचे नियम वेगळे, ते इथे लावून घाबरू नका.

## टप्पा ४. पिशवी उलटी करा, आधी परके बाहेर काढा

व्यापाऱ्यांच्या भाषेत "वेस्ट इंडिज" हा एकच देश असतो, क्रिकेटची कृपा. त्यामुळे पिशवीत शेजारची बेटं मिसळलेली असणारच.

ओळखायची पहिली खूण: जमैकाच्या १९६९ नंतरच्या चलनी नाण्यांवर राणीचा चेहरा नसतो. दर्शनी बाजूला देशाचं राजचिन्ह असतं. मधे ढाल, ढालीवरच्या क्रुसावर पाच अननस, दोन बाजूंना तिथल्या मूळच्या तायनो जमातीतले स्त्री आणि पुरुष, आणि डोक्यावर मगर. राणीचा चेहरा दिसला तर ते नाणं बहुधा पूर्व कॅरिबियनच्या सामाईक चलनातलं किंवा जमैकाचंच पण १९६९ पूर्वीचं. कडेची अक्षरं वाचा.

इथे एक गंमत होते. कॅटलॉगमध्ये, म्हणजे संग्राहकांच्या नाणे-यादीत, ही नाणी "एलिझाबेथ दुसरी" या मथळ्याखाली लावलेली असतात, कारण जमैकाची राष्ट्रप्रमुख तीच होती. नवखा माणूस मथळा वाचतो, नाण्यावर राणी शोधतो, सापडत नाही, आणि "चुकीचं छापलेलं दुर्मीळ नाणं" म्हणून मला फोटो पाठवतो. असे तीन फोटो माझ्याकडे आहेत.

दुसरा घोळ पक्ष्याचा. त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या एक सेंटवरही हमिंगबर्ड आहे. ते नाणं छोटं, तांबूस, आपल्या करंगळीच्या टोकाएवढं. जमैकाचा हमिंगबर्ड पंचवीस सेंटवर, रुंद पांढऱ्या नाण्यावर. बहामाचं दहा सेंट लाटेसारख्या कडेचं, आपल्या जुन्या दहा पैशांची आठवण करून देणारं, आणि पंधरा सेंट चौकोनी. दोन्ही सुंदर आहेत, आणि दोन्ही या संचात नाहीत. वेगळ्या वाटीत टाका.

१९६९ पूर्वीचे जमैकन पेनी आणि फार्दिंग निघाले तर तेही वेगळ्या वाटीत. पेनी १८६९ पासून आणि फार्दिंग १८८० पासून तांबे-निकेलचे, म्हणजे पांढरे होते, कारण तिथल्या लोकांना तांब्याचं नाणं हातात घ्यायला आवडत नसे. १९३७ पासून पिवळट. पेनी म्हटलं की तपकिरीच असणार असं धरून कुणी हे पांढरे पेनी "चांदीचे" म्हणून विकायला बघतो. चांदी नाही.

## टप्पा ५. चुंबक, आकार, मूल्य, आणि सगळ्यात शेवटी वर्ष

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. माणूस भिंग घेऊन आधी वर्ष वाचतो, वर्षांच्या रांगा लावतो, आणि तासाभराने कळतं की एकाच रांगेत दोन धातू आहेत. वर्ष शेवटी.

पहिला फेरा: चुंबक. दोऱ्याला लटकवलेला चुंबक प्रत्येक नाण्यावरून हळू फिरवा. चिकटला तर पोलाद. सोडून दिला तर तांबे-निकेल, कांस्य किंवा ॲल्युमिनियम. दोन ढीग झाले.

चिकटलेल्या ढिगात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा माल येतो: पोलादी मगर, पांढरा बोगल, सातकोनी गार्व्ही, आणि १९९५ पासूनची तांब्याचा मुलामा दिलेली दहा आणि पंचवीस सेंटची नाणी. तांबूस रंग बघून त्यांना कोणी कांस्याच्या ढिगात टाकतं. रंगावर जाऊ नका, चुंबकावर जा. आत पोलाद आहे, वर तांब्याचा नुसता पापुद्रा.

न चिकटलेल्या ढिगात पहिली पिढी. तिचे आकार मुद्दाम ब्रिटिश नाण्यांशी जुळवलेले होते, म्हणजे लोकांना हाताला ओळखीचे वाटावेत. पाच सेंट सहा पेन्सएवढं, १९.४ मिलिमीटर. दहा सेंट शिलिंगएवढं, २३.६. वीस सेंट फ्लोरिनएवढं, २८.५. पंचवीस सेंट तर हाफ क्राउनएवढं, ३२.३ मिलिमीटर, वजन साडेचौदा ग्रॅमच्या आसपास. तळहातावर ठेवलं की कळतं, केवढं अवजड. १९७१ मध्ये दिलीप सरदेसाईंनी किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर २१२ काढल्या, त्या दौऱ्यावरच्या कुणाच्या बॅगेत उरलेली चिल्लर निघालीच तर ती या पहिल्या पिढीची असणार.

आणि त्याच पंचवीस सेंटचं १९९५ नंतरचं रूप बघा: २० मिलिमीटर, साडेतीन ग्रॅमच्या थोडं वर. दहा सेंट तर १७ मिलिमीटर आणि सव्वादोन-अडीच ग्रॅम. महागाईने नाण्याचं काय होतं ते दोन्ही शेजारी ठेवून बघा, कुणी समजावून सांगायची गरज नाही. मी पाहुण्यांना एवढीच एक जोडी दाखवतो.

दुसरा फेरा: कोन. नाणं गोल नसेल तर कोन मोजा, अंदाज करू नका. एका कोनावर बोट ठेवून तिथून सुरुवात करा, म्हणजे दोनदा मोजला जाणार नाही. बारा कोन आणि पिसासारखं हलकं, सव्वा ग्रॅमच्या आसपास: ॲल्युमिनियमचा एक सेंट. हातात घेतल्यावर आपल्या जुन्या ॲल्युमिनियमच्या दोन पैशांची आठवण येते. दहा कोन: पन्नास सेंट, बाजूला. सात कोन असेल तर थांबा.

सावध: सातकोनी पांढरी नाणी दोन आहेत. एक पंचवीस सेंट, १९९१ ते १९९४ च्या काळातलं, मार्कस गार्व्ही यांचं. दुसरं एक डॉलर, १९९४ पासूनचं, जमैकाचे पहिले पंतप्रधान अलेक्झांडर बुस्तामांते यांचं. दोन्ही पोलादाची, दोन्ही चुंबकाला चिकटणारी. मोठं नाणं म्हणजे मोठी किंमत असं आपण धरतो, इथे उलट आहे. पंचवीस सेंट मोठं आणि डॉलर लहान, जेमतेम साडेअठरा मिलिमीटर. मूल्य वाचल्याशिवाय सातकोनी नाणं होल्डरमध्ये घालू नका.

तिसरा फेरा: मूल्य आणि मजकूर. एक सेंटच्या कांस्याच्या नाण्यांवर भिंग धरा. अॅकीच्या भोवती अन्न जास्त पिकवण्याचं आवाहन कोरलेलं असेल तर ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मालिकेतलं. नसेल तर साधं. यादीतली ही दोन वेगळी घरं आहेत. ॲल्युमिनियमच्या सेंटवर हा मजकूर नेहमीच असतो, त्यामुळे तिथे त्याला वेगळं समजू नका.

चौथा फेरा: टांकसाळीची खूण. रोजच्या वापराच्या नाण्यांवर ती सहसा नसते. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या फ्रँकलिन मिंटने संग्राहकांसाठी जमैकाचे संच पाडले, त्यांवर एफ आणि एम ही अक्षरं गुंफलेली बारीकशी खूण सापडते. पृष्ठभाग आरशासारखा आणि चित्र दुधट पांढरं असेल तर ती प्रूफ प्रत. ही नाणी कधी कुणाच्या गल्ल्यात गेलीच नाहीत. सुंदर आहेत, पण चलनी संचाच्या घरात त्यांना बसवणं म्हणजे शर्यतीत फोटोतला घोडा उतरवणं. वेगळं पान करा. कॅटलॉगमध्ये एफएमच्या पुढे कंसात आणखी एक अक्षर दिसतं, ते पृष्ठभागाचा प्रकार सांगतं. ते अक्षर नाण्यावर नसतं, शोधत बसू नका.

आता वर्ष वाचा. एकाच टाइपची दोन नाणी असतील तर वर्ष नव्हे, स्थिती बघून निवडा.

तपासा: प्रत्येक ढिगातलं एकेक नाणं काट्यावर ठेवा आणि कॅटलॉगमधल्या वजनाशी ताडून बघा. वापरलेल्या नाण्यात थोडी घट चालते. अर्ध्या ग्रॅमचा फरक आला तर धातू ओळखण्यात चूक झाली आहे, पुन्हा चुंबकाकडे.

## टप्पा ६. धुणं, म्हणजे बहुतेक वेळा न धुणं

माझ्या पहिल्या मूठभर सेंटचं काय झालं ते सांगतो. मी नाणी ताटलीत ठेवून आंघोळीला गेलो. आईने बघितलं, "शी, केवढी काळी पडलीत," आणि देवाची भांडी घासता घासता तीही चिंच-मीठ लावून घासली. बाहेर आलो तर ओट्यावर नऊ नाणी गुलाबी होऊन चमकत होती. तांबूस दहा सेंटचा मुलामा कडेला उडाला होता, आणि तिसऱ्या दिवशी त्याच कडेला गंजाची नारिंगी रेघ उमटली. आई आजही म्हणते, "पण दिसत तर छान होती."

कारण साधं आहे. आम्ल तांब्यावरचा काळा थर खातं आणि खालचं तांबंही खातं. ज्या नाण्यात तांबंच केसाएवढं जाड आहे, तिथे खाली पोलाद उघडं पडतं. पोलादाला ओल लागली की गंज. एकदा कडेला सुरू झाला की तो मुलाम्याच्या खालून सरकत जातो, थांबत नाही.

ॲल्युमिनियमचं उलटंही होतं. त्याला आम्ल चालत नाही आणि खाण्याचा सोडाही चालत नाही. सोड्यात बुडवलेला सेंट राखाडी होऊन बाहेर येतो.

म्हणून नियम असा. पांढऱ्या तांबे-निकेलवर नुसती माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही तास ठेवा, बॅटरीत घालतात ते. मग मऊ सुती कापडावर ठेवून वरून दाबून टिपा. चोळायचं नाही. चोळलं की धुळीचे कण सॅंडपेपरचं काम करतात आणि भिंगाखाली केसासारख्या रेघा दिसतात. पोलादी नाणी पाण्यात ठेवू नका, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका आणि सोडून द्या. कांस्याचा तपकिरी रंग हा मळ नव्हे, तो त्याचा पोशाख आहे, उतरवू नका.

मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात राहून नाण्यावर हिरवट चिकट थर आला असेल तर एकच गोष्ट चालते, शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल आणि वास घातलेला असतो. काचेची वाटी, उघडी खिडकी, गॅस बंद. दहा मिनिटं बुडवा, चिमट्याने काढा, हवेत वाळू द्या. मिनिटभरात सुकतं.

सावध: एखादं नाणं धुवावं की नाही असा प्रश्न पडला तर धुवू नका. न धुतलेलं नाणं पुढच्या वर्षीही धुता येतं.

## टप्पा ७. स्थिती ठरवा

यावर फार वेळ घालवू नका. नाणी स्वस्त आहेत, दर्जाच्या बारीक पायऱ्या इथे कामाच्या नाहीत. खिडकीजवळ उभे राहा, नाणं तिरकं करा आणि उंच भाग बघा. मगरीची पाठ, हमिंगबर्डची छाती, राजचिन्हातल्या दोन माणसांचे चेहरे, हे आधी झिजतात. नाण्यावर यांपैकी जे असतील ते स्पष्ट असतील तर उत्तम. चेहरे सपाट झाले पण बाकी चित्र नीट असेल तर ठीक, चालेल. मगर आणि लाकडाचा ओंडका यांत फरक कळत नसेल तर बदली मिळेपर्यंत जागा धरून ठेवायला वापरा.

पोलादी नाण्यांना झीज नव्हे, डाग बघा. गंजाचा टाचणीएवढा ठिपका असलेलं नाणं कितीही ठसठशीत असलं तरी घेऊ नका, दोन पावसाळ्यांनंतर ठिपक्याचा खड्डा झालेला असेल.

## टप्पा ८. होल्डर आणि जागा

पारदर्शक खिडकीचे पुठ्ठ्याचे होल्डर घ्या, आतली फिल्म मायलर नावाच्या पॉलिएस्टरची. मऊ, वास येणाऱ्या, वाकवल्यावर सुरकुती न धरणाऱ्या प्लॅस्टिकची पाकिटं टाळा. हिरवा थर त्यांच्यामुळेच येतो.

खिडकीचं माप नाण्यापेक्षा जरासंच मोठं हवं. सतरा मिलिमीटरचं दहा सेंट आणि बत्तीसचं पंचवीस सेंट एकाच मापात बसवायला गेलात तर पहिलं आत खुळखुळत कडेला घासतं. मापं दोन-तीन लागतील, एकाच मापाचं शंभराचं पाकीट घेऊन फसू नका.

स्टेपलर मारताना पिन नाण्यापासून दूर, आणि मारल्यावर पक्कडीने मागची टोकं चपटी करा. ही टोकं शेजारच्या होल्डरमधल्या फिल्मला भोकं पाडतात आणि मग ॲल्युमिनियमवर ओरखडा. असा एक ओरखडा माझ्याकडे आहे, तारखेसकट.

जागा कोरडी हवी. कोकणात किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, खारी हवा ॲल्युमिनियम आणि पोलाद दोघांनाही लागते. नव्या प्लायवूडच्या कपाटात ठेवू नका, त्याच्या वाफा नाण्यांना बाधतात. जुनं लोखंडी कपाट बरं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जूनमध्ये बदला.

हे तीन पदार्थ नाण्यांजवळ नकोत: रबरबँड (त्यातल्या गंधकाने तांबं काळं पडतं), वर्तमानपत्राचा कागद आणि डांबराच्या गोळ्या. आजोबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून, रबर लावून, गोळ्यांच्या डब्यात ठेवलेली नाणी मी पाहिली आहेत. प्रेम खूप होतं, नाणी राहिली नव्हती.

## टप्पा ९. नोंद, त्याच दिवशी

होल्डरवर पेन्सिलीने, किंवा आत नाणं नसताना बारीक मार्करने, चार गोष्टी लिहा: देश, मूल्य, वर्ष, धातू. बॉलपेन दाबून लिहिलं तर त्याचा वळ नाण्यापर्यंत जातो.

वहीत थोडं जास्त: कॅटलॉग क्रमांक, वजन, कुठून मिळालं, केव्हा, किती दिले. "कुठून" हा रकाना सगळे रिकामा सोडतात. माझ्या वहीत कॉफीच्या डब्यातल्या बोगलसमोर लिहिलंय: "बोटीवरच्या सहकाऱ्याच्या आईकडून, फाल्मथ". हे नाणं पाच पैशांचं आहे, पण बदलून दुसरं चांगलं घ्यायचा विचार आला की ती ओळ आडवी येते.

फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. मोबाइल नाण्यावर अगदी सरळ धरलात तर स्वतःचीच सावली पडते, थोडा वर धरून झूम करा. दोन्ही बाजू. फाइलचं नाव वहीतल्या क्रमांकाशी जुळतं ठेवा, नाहीतर वर्षभराने सतरा मगरी आणि एकही नाव नाही.

तपासा: वहीतल्या चौकोनांत आता किती खुणा झाल्या? पहिल्याच पिशवीत बारापैकी सात-आठ भरले तर हात चांगला लागला समजा. सहसा मागे राहतात ते साधा कांस्याचा सेंट, पोलादी मगर आणि सातकोनी गार्व्ही. त्यांच्यासाठी घाई करून पुडी घेऊ नका.

## टप्पा १०. जास्तीची नाणी

तांबूस दहा सेंट तुमच्याकडे ढिगाने साठतील. विकायला जाऊ नका, रिक्षाचं भाडं सुटणार नाही. अदलाबदलीला ठेवा. बहामा किंवा त्रिनिदाद जमवणाऱ्याकडे तुम्हाला हवी ती मगर पडलेली असते, आणि टप्पा ४ मध्ये बाजूला काढलेली वाटी त्याला हवी असते. देताना नाण्याची अडचण आधी सांगा: गंज, ओरखडा, धुतलेलं. मी आईने घासलेले दोन गुलाबी सेंट एकाला "घासलेले आहेत" असं सांगूनच दिले. त्याने ते मुलीच्या शाळेच्या प्रकल्पाला लावले आणि बदल्यात मला सातकोनी गार्व्ही दिला. कडेला जरा ठोका आहे, पण सध्या चौकोनात खूण झाली आहे.